अमरावतीच्या डॉक्टरांचं घर

माणसं ओळखणं हा माझा रोजचा धंदा आहे. मी बसकंडक्टर. कोणाच्या खिशात सुट्टे असूनही तो नाही म्हणतो, कोण शाळेत जाणाऱ्या पोराला कडेवर घेऊन लहान करतो, कोण तिकीट काढायच्या वेळेलाच नेमका झोपतो, हे मला तोंड बघून कळतं. म्हणून वाशिमला किरायानं देण्यासाठी घर बांधायचं ठरवलं, तेव्हा सगळे म्हणाले, सांभाळून, या धंद्यात लोक टोपी घालतात. मी हसले. म्हटलं, मला कोण काय टोपी घालणार.

मला घर का बांधायचं होतं, ते आधी सांगते. नोकरीच्या सुरुवातीला वाशिमला खोली शोधत होते. एका बाईंनी खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, गच्चीवर कपडे कुठं वाळत घालायचे तेही सांगितलं. मग गाव विचारलं. गावात तुमचं घर कोणत्या बाजूला, हे विचारलं. ही आपल्याकडची पद्धत आहे. आडनाव विचारायला ज्यांना लाज वाटते, ते बाजू विचारतात. मी आडनावच सांगून टाकलं. बाईंनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, खोली भाच्यासाठी ठेवलीय, माझ्या लक्षातच नव्हतं. त्या महिन्यात बऱ्याच घरमालकांना आपापले भाचे आठवले. शेवटी खोली मिळाली ती आमच्याच लोकांच्या वस्तीत, आणि त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की कधीतरी या शहरात माझं घर असेल, त्यात लोक किरायानं राहतील, आणि आपण कोणाच्या घरात राहतो हे त्यांना माहीत असेल. पैशासाठी तर होतंच. पण पैशासाठी बँकेत ठेवीही ठेवता आल्या असत्या.

माझे बाबा इंझोरीचे. जन्मभर मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं त्यांनी. दुसऱ्यांची घरं बांधली, आणि वास्तुशांतीला त्याच घरांच्या बाहेर मांडवात जेवले. पुढं माझी बदली कारंज्याला झाली, आणि आई गेल्यावर ते तिथं माझ्याकडे राहायला आले. घराचं नक्की झालं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "दरवाज्याच्या वर एक फरशी लावू माय. धम्मचक्राची. मी माह्या हातानं लावतो." मी म्हटलं, बाबा, पहिली तीच आणू.

मग चांगली माणसं शोधणं सुरू झालं. प्लॉटची कागदं तपासायला वकील हवा, नकाशाला इंजिनियर, बांधायला मिस्त्री. लोक ओळखीपाळखीनं विचारतात, मी बसमध्ये विचारायची. याच्याइतकी खात्रीची जागा दुसरी नाही. ओळखीचा माणूस ओळखीच्या माणसाबद्दल खरं बोलत नाही, उद्या तोंड दाखवायचं असतं. पण पुढच्या थांब्यावर उतरणारा प्रवासी कशाला भीड ठेवील? तिकीट फाडता फाडता नुसतं म्हणायचं, अमुक वकील कसे आहेत हो, की मागच्या सीटपर्यंत चर्चा पेटायची. आमच्या वाशिमकडच्या मालेगावला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं एका नामांकित वकिलाचं असं वस्त्रहरण केलं की सगळी बस ऐकत राहिली. उतरताना मात्र दुसऱ्या एका वकिलाचं नाव देऊन गेला. म्हणाला, "त्याच्याकडे जाजो. बोलते कडू, पण कागद नीट पाह्यते."

तो वकील खरंच कडू निघाला. मी बसा म्हणायची वाट पाहत उभी, आणि तो म्हणाला, कागद आणले का? मला पसंत पडलेला पहिला प्लॉट त्यानं दोन वाक्यांत उडवला. शेतीची जमीन होती, ले-आउट मंजूरच नव्हता. दुसरा प्लॉट पाहिला, सातबारा आणि फेरफार मागवले, विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आणायला लावल्या, मगच हो म्हणाला. माझ्या जातीशी त्याला देणंघेणं नव्हतं, माझ्या हालहवालाशीही नव्हतं. एकदाही चहा पाजला नाही. पण त्याच्या कामात आजपर्यंत खोट निघालेली नाही. इंजिनियर आणि मिस्त्रीही मी बसमध्येच शोधले, आणि तेही नीट निघाले.

म्हणजे अनोळखी माणसांनी मला कुठंच फसवलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

घर उभं राहिलं. खाली एका कुटुंबापुरती जागा, वर दोन खोल्या एकट्या पोरांसाठी. बाबांनी शिडीवर चढून दरवाज्याच्या वर फरशी बसवली. पांढऱ्या फरशीवर निळं धम्मचक्र. हात थरथरायचे, म्हणून मिस्त्री म्हणाला मी लावतो, तर त्याच्यावरच ओरडले. फरशी रेषेत बसली. मग खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन किती तरी वेळ बघत राहिले.

आता किरायदार शोधायचे होते. मी कारंज्याला, ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रीची, घर वाशिमला. कोणी तरी तिथला माणूस लागणारच होता. आणि इथं मी बसमध्ये विचारलं नाही. कारण हा माणूस बाबांच्याच गावचा होता. आमच्यातलाच. लहानपणी आमच्या घरी जेवलेला, आईला मोठी माय म्हणणारा. वाशिमला त्यानं खोल्या-प्लॉट दाखवायचं दुकान टाकलं होतं. घरी आला तो दारातूनच "जयभीम बाबा" करत आला, आईच्या फोटोपुढं हात जोडून उभा राहिला. मी सगळं त्याच्या हातात दिलं. चावी त्याच्याकडे, करार त्यानं करायचे, किराया त्यानं घेऊन मला फोनवर पाठवायचा. आपला माणूस आहे, याच्याबद्दल काय चौकशी करायची? कोणाला विचारलं असतं तर अपमान वाटला असता, त्याला नाही, मलाच.

एक गोष्ट तेव्हाही लक्षात आली होती. घरी जयभीम घालणारा हा माणूस दुकानात मला नमस्कार ताई म्हणायचा. मी म्हटलं, असेल, गिऱ्हाईक बसलेलं असतं.

पहिले काही महिने घर रिकामंच. लोक येत, बघत, पसंत आहे म्हणत, आणि मग फोन उचलत नसत. बँकेचा हप्ता काही थांबत नव्हता. मी जादा ड्युट्या घ्यायला लागले. रात्री घरी यायची ती न जेवता झोपायची. बाबा ताट झाकून बसलेले असायचे.

मग एकदम घर भरलं. खाली एक शिक्षक आणि त्याची बायको, वर नोकरी करणारी दोन पोरं. माझा जीव भांड्यात पडला. दुकानदार म्हणाला, "ताई, आता तुमी टेन्शन घेऊ नका. आन एक सांगतो, मालकानं किरायदाराच्या दारात जाऊ नाई. मंग त्याइले सवय पडते, ह्या नळाचं पाहा, त्या पंख्याचं पाहा. मी हाये ना." मला पटलं. बाबा मात्र दर आठवड्याला जायचे. वय झालेलं, बसला तिकीट लागत नाही. टाकी बघून येतो, झाडाले पाणी टाकून येतो, म्हणायचे. पांढरा सदरा घालून, खांद्यावर दुपट्टा टाकून निघायचे, आणि मला फार बरं वाटायचं. म्हणायची, जाऊ दे, बसू दे म्हाताऱ्याला आपल्या पोरीच्या घराच्या ओट्यावर.

मधे एकदा बसमधून उतरून धावत घर बघून आले होते. कोणी घरात नव्हतं. दरवाज्याच्या वर त्याच्या दुकानाची भली मोठी पाटी लटकत होती, 'खोल्या किरायाने मिळतील', खाली फोन नंबर. फरशी दिसतच नव्हती. मी फोन केला. "वरची एक खोली खाली होऊन राह्यली ताई, तोवर राहू द्या." ती खोली भरली, पाटी तशीच. पुन्हा फोन केला. "काढतो ताई." मी दर वेळी मान्य केलं.

त्या दिवशी वाशिमलाच गाडी बिघडली आणि परतीची फेरी रद्द झाली. हातात अख्खी दुपार होती. मी खाकी ड्रेसमध्येच घराकडे निघाले. फाटक उघडलं तर खालची बाई ओट्यावर गहू निवडत बसलेली. गोड पोरगी. मला बघून उठली. "खोली पाहायला आल्या का? आता तर नाही हो एकही रिकामी. पण बसा, ऊन किती आहे." तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यायले. मी मालकीण, असं पटकन सांगून तिला ओशाळं करायला नको, जरा बोलून मग सांगू, अशा विचारानं मी म्हटलं, छान आहे घर.

"हो ना. अमरावतीच्या डॉक्टर साहेबांचं आहे."

मला वाटलं, ती शेजारच्या घराबद्दल बोलतेय. विचारलं, कोणतं? ती म्हणाली, हेच. डॉक्टर साहेब फार मोठे आहेत, इकडे येणं होत नाही, सगळं ते दुकानवाले भाऊच पाहतात. "पण माणूस चांगला असेल हो. कोणालाही घर देत नाहीत. माणसं पाहून देतात."

"माणसं पाहून म्हणजे?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "म्हणजे आपली."

कंडक्टरच्या बिल्ल्यावर नंबर असतो, आडनाव नसतं. तिनं मला तिच्या आपल्यांत धरलं होतं. माझ्या घराच्या ओट्यावर, माझ्याच टाकीतलं पाणी मला देऊन. आणि तेवढ्यात ती फाटकाकडे बघून म्हणाली, "हे पाहा, आमचे वाचमन बाबा आले. डॉक्टर साहेबांचे. त्यांना विचारून ठेवा, खोली रिकामी झाली की सांगतील."

फाटकात माझे बाबा उभे होते. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. हातात झाडाला पाणी घालायची बादली.

त्यांनी मला पाहिलं. मी उठले. मला वाटलं, आता हे काही तरी सांगतील, काही तरी असेल ज्यातून हे सगळं सरळ होईल. बाबांनी एकदा त्या पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "कोन पायजे म्याडम?"

मी त्यांच्या बाजूनं निघून गेले. फाटक मीच लावलं. कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिले. रडू येत नव्हतं. नुसता राग येत होता. थोड्या वेळानं बाबा आले. बादली हातातच होती, ठेवायची विसरले होते.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं. चिडले की मी त्यांच्यासारखीच बोलते.

"होतं माय."

"कवापासून?"

"पयल्यापासून." मग बादलीकडे बघत म्हणाले, "घर खाली होतं. तू जेवत नोती. रोज राती येऊन तशीच झोपून राह्यली होती. म्या काय कराव?"

"म्हून मले वळख नाई दिली? सोताच्या पोरीले?"

माणूस फसवतो तेव्हा तो काही तरी लपवतो, हे मला माहीत आहे. रोज बघते. पण माझ्या बापाच्या तोंडावर लपवाछपवी नव्हती. नुसता थकवा होता. आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तिथून मी तडक दुकानात गेले. गिऱ्हाईक बसलेलं होतं. मी मोठ्यानं जयभीम म्हटलं. त्याचा चेहरा बदलला. गिऱ्हाईकाला त्यानं उद्या या सांगून वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

"कोन डॉक्टर?" मी विचारलं.

तो नाही म्हणाला नाही. उलट खुर्ची पुढं ओढून समोर बसला. "ताई, तुमी बसमदी तिकिटं फाडून राह्यल्या, मी दारोदार फिरून राह्यलो होतो. घर पसंत पडे. मंग विचारत, मालक कोन? आडनाव सांगतलं का दुसऱ्या दिवशी फोन बंद. किती खेप झालं असं. मी त्याइच्याशी खोटं बोललो, तुमच्याशी नाई. तुमचा पैसा कदी उशिरा आला का?"

पैशाला तो चोख होता, हे खरं. एका महिन्याचाही किराया अडकला नव्हता. चोर असता तर मी त्याला वकिलाकडे नेला असता, बरं झालं असतं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी हो म्हनल्या असत्या?"

"नाई."

"मंग?" तो म्हणाला. मग दाराकडं बोट केलं. "माह्या दुकानाच्या पाटीवर तरी आडनाव हाये का? तुमी इतक्या खेपा आल्या, कदी पाह्यलं?"

मी कधी पाहिलं नव्हतं. पण म्हणून काय झालं! त्यानं स्वतःचं आडनाव पुसलं ते त्याच्या मर्जीनं पुसलं. माझं पुसायला त्याला कोणी सांगितलं होतं? मी तोंडाला येईल ते बोलले. तू आमच्या घरी जेवलास, म्हटलं, माझ्या आईच्या फोटोला हात जोडलेस, आणि माझ्या बापाला माझ्याच दारात वाचमन केलंस. बाकी सगळं तो मान खाली घालून ऐकत होता. पण हे ऐकल्यावर त्यानं वर पाहिलं.

"ताई, डॉक्टर म्या काढला. ते माह्यं पाप. पन वाचमन बाबानं सोता काढला. म्या म्हनलं बाबा, तुमी येऊच नका. तर ते म्हने, मी येईन, मले फकस्त बसाले पायजे तिथं. कोनी विचारलं तर वाचमन म्हून सांगजो. आन पाटीही म्या लावली नाई. त्याइनंच लावली."

मी त्याच्याकडून चावी घेतली आणि उठले. त्यानं खाली आवाजात जयभीम म्हटलं. मी उत्तर दिलं नाही. जयभीमला उत्तर न देण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ.

त्या घराकडे परत आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते आणि ती पोरगी त्यांना चहा देत होती. मी शेजाऱ्यांकडून शिडी मागून आणली, दरवाज्याला टेकवली आणि चढले. ती घाबरून म्हणाली, अहो ताई, काय करता? मी वरूनच सांगितलं, घर माझं आहे. डॉक्टर कोणी नाहीत. हे माझे वडील. आणि माझं आडनाव सांगितलं. कप तिच्या हातातच राहिला.

पाटी दोन खिळ्यांवर टांगलेली होती. खिळे फरशीत नव्हते, फरशीच्या बाहेर, दोन्हीकडे सारख्या अंतरावर ठोकलेले. मिस्त्रीच्या हाताखाली जन्म गेलेल्या माणसाचं काम. मी पाटी काढली तर तिच्या मागून एक कापड खाली पडलं. घडी घालून, चारी टोकांना सुतळीनं पाटीला बांधलेलं होतं, सुतळी कुजून तुटली होती. पाटी वाऱ्यानं हलली तर फरशीला चरा पडू नये म्हणून. ते आईच्या लुगड्याचं कापड होतं. फरशी अगदी नवी होती. घराच्या बाकी भिंतीवर दोन पावसाळ्यांचे डाग पडले होते, आणि ती मात्र लावली त्या दिवशीसारखी.

मी शिडीवरून खाली पाहिलं. बाबा ते कापड उचलून गुडघ्यावर ठेवून त्याच्यावरची धूळ झटकत होते. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांना जवळही घ्यायचं होतं. दोन्ही केलं नाही, शिडीवरच उभी राहिले.

खालची पोरगी नंतर म्हणाली, आम्हाला काही नव्हतं हो ताई, आम्हाला कोणी विचारलंच नाही. खरं असेल. नसेलही. शाळा लांब पडते म्हणून दोन महिन्यांनी त्यांनी घर सोडलं. शाळा जिथं होती तिथंच आहे. वरच्या पोरांना सांगितलं तर ती मोबाइलमधून मान वर न काढता बरं म्हणाली, आणि अजून राहतात. दुकानवाल्याशी मी व्यवहार तोडला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, बाबा एकटेच गेले.

आता किरायदार मीच शोधते, बसमधूनच. कोणी खोलीचं विचारलं की आधी माझं आडनाव सांगते, मग किराया. पुष्कळांना पुढच्या थांब्यावर उतरायचं आठवतं. काही लोक मात्र खरंच बघायला येतात. हप्ता कधी सहज जातो, कधी ओढून-ताणून. ते चालायचंच.

मागच्या महिन्यात एक जोडपं खालच्या खोल्या बघायला आलं. मी आत दिवे लावून दाखवत होते. बाबा ओट्यावर, त्यांच्या मागं दरवाज्याच्या वर फरशी. त्या माणसानं बाहेर येऊन त्यांना सहज विचारलं, "बाबा, घर कोणाचं?"

मी दारात येऊन थांबले. माझ्या पोरीचं, एवढंच तर त्यांना सांगायचं होतं. पाटी नव्हती, डॉक्टर नव्हता, लपवायला काही उरलंच नव्हतं.

बाबांनी आधी वळून माझ्याकडं पाहिलं. सांगू का, असं. मी मान हलवल्यावर म्हणाले, "हिचं हाये. पोरगी हाये माह्यी."